कर्ता

मराठी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'उत्पत्ती' आहे. त्याचं पहिलंच वाक्य आकाश आणि पृथ्वी देवाने केली असं सांगतं. मूळ हिब्रूत तिथे 'बारा' हे क्रियापद येतं आणि त्या साध्या रूपात हिब्रू बायबल ते देवाखेरीज कुणालाही लावत नाही. कुंभाराच्या घडवण्याला तिथे दुसरं क्रियापद आहे. म्हणजे कर्ता क्रियापदातच ठरून गेलेला. आणि अशा पुस्तकाच्या माथ्यावर आपण शब्द ठेवला 'उत्पत्ती'. उत्पत्ती होते, ती कुणाला करावी लागत नाही. साठलेल्या पाण्यात डासांचीही उत्पत्ती होते, तशी सूचना दर पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या नगरपालिका काढतात.

ही चूक आहे असं मला म्हणायचं नाही. ग्रीक 'जेनेसिस'मध्येही कर्ता नाही, आणि हिब्रू परंपरा तर पुस्तकाला त्याच्या पहिल्या शब्दानेच, 'बेरेशीत' म्हणजे 'आरंभी' या नावाने ओळखते. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. संस्कृत तोंडपाठ असलेल्या या बाईने हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द निग्रहाने बाजूला ठेवले होते. एकेका शब्दापाशी त्या किती थांबल्या असतील याचा थोडा अंदाज मला हल्ली येतो. गेलं वर्षभर मी विश्वाच्या आरंभावरचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणते आहे, आणि माझीही गाडी त्याच फाट्यावर अडते.

इंग्रजी लेखक 'क्रिएशन' म्हणतो. तो स्वतः देव मानत नाही, पण शब्द मानतो. मराठीत माझ्यापुढे तीन शब्द हात जोडून उभे राहतात. 'निर्मिती'त 'मा' धातू आहे, मोजण्याचा. तिथे फूटपट्टी घेतलेला कुणीतरी दिसायला लागतो. 'सृष्टी'त 'सृज्' आहे, सोडून देण्याचा, मोकळं करण्याचा. तिथेही सोडणारा हात आहे, पण त्याने काही घडवलं असं म्हणवत नाही. आणि 'उत्पत्ती'त हातच नाही. लेखकाने एक शब्द लिहिला आणि मी तिन्हींपैकी कुठलाही घेतला तरी त्याच्या वतीने देवाविषयी मत देऊन बसते.

हे सगळं मी पहाडगंजमध्ये बसून करते. रामकृष्ण आश्रमाच्या बाजूच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. बाबा सत्तरच्या दशकात सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले आणि मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र भवन आणि स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ म्हणून इथेच राहिले. आता आजूबाजूला बहुतेक हॉटेलं आहेत. मेन बाझारात इस्रायली मुलामुलींसाठी हिब्रूतल्या पाट्या आहेत, त्यामुळे 'बारा'ची अक्षरं मला परकी वाटत नाहीत. गच्चीवरून मात्र हॉटेलांच्या दिव्यांमुळे रात्री मोजून पाच-सहा तारे दिसतात. विश्वावर लिहिण्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

बाबा गेल्या जानेवारीत गेले. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आईला सांगितलं की घरातला कर्ता पुरुष गेला. मी शेजारी बसून ते ऐकत होते. आपल्याकडे व्याकरणातला कर्ता, घरातला कर्ता आणि जगाचा कर्ताकरविता यांना एकच शब्द आहे. एरवी मला यात गंमत वाटली असती.

बाबांनी देव मानला नाही. त्याबद्दल ते कधी भांडलेही नाहीत. गणपतीत आईबरोबर भवनात जायचे, प्रसाद घ्यायचे, आरतीच्या वेळी चपला सांभाळायला बाहेर थांबायचे. आपल्या मागे काही करू नका, एवढं त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. दिवस केले नाहीत. आता वर्षश्राद्ध जवळ आलं आहे आणि आईच्या मनाने ते धरलं आहे. एका संध्याकाळी मी पुस्तकावर काम करत असताना ती समोर येऊन बसली.

"या पुस्तकात शेवटी काय म्हटलंय? तो आहे की नाही?"

"कोण?"

"अगं, करणारा. तो असेल तर हे कुठेतरी असतील. मग मी करीन. तो नसेलच तर पिंड ठेवायचा कुणासाठी? तू वाच आणि मला सांग, म्हणजे मी ठरवते."

तुलनात्मक साहित्य शिकताना भाषांतरकाराच्या जबाबदारीवर मी दोन पेपर लिहिले होते. त्यात असा वाचक नव्हता.

मी तिला प्रकरण वाचून दाखवायला सुरुवात केली. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय उष्ण आणि दाट होतं, तिथून ते प्रसरण पावत आलं, हे तिने शांतपणे ऐकलं. त्याआधी काय होतं हे तिने विचारलं, तेव्हा मी स्टीफन हॉकिंग देत ते उत्तर दिलं. काळच तिथून सुरू होत असेल, तर त्याच्या आधी काय हे विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे असं विचारणं.

"उत्तर ध्रुवावर उभं राहिलं की पुढे उत्तर नसेल," आई म्हणाली, "पण वर आकाश असेलच की."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

शास्त्राने एकदाचा निकाल द्यावा, अशी तिची अपेक्षा होती. पण या शास्त्राचा स्वतःचा इतिहासच तसा निकाल देऊ देत नाही. प्रसरणाचं गणित करून सगळं एका आदिम अणूतून निघालं असावं, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियममधले कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसनी या सिद्धांतात जगाच्या निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धांत आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही मोकळा राहू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या उलट फ्रेड हॉएल. धर्म न मानणाऱ्या हॉएलना विश्वाला आरंभ असणंच खटकत होतं, त्यात त्यांना मागच्या दाराने येणारा निर्माता दिसत होता. 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना दिलं. आपण त्याला 'महास्फोट' म्हणतो. त्यात बाँबचा आवाज आहे खरा, पण संस्कृत वैयाकरणांचा 'स्फोट' वेगळा. तिथे शब्द ऐकता ऐकता अर्थ उमलतो, त्या उमलण्याला स्फोट म्हणतात.

हॉएलचा शिष्य आपला, कोल्हापूरला जन्मलेला. जयंत नारळीकर आयुष्यभर आरंभ नसलेल्या विश्वाच्या बाजूने उभे राहिले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉएल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला, ज्यात विश्व अनादी आहे आणि द्रव्य अधूनमधून लहान लहान घटनांत तयार होत राहतं. या द्रव्याचा हिशेब लावण्यासाठी हॉएल आणि नारळीकर जे क्षेत्र वापरत त्याचं नाव 'सी-फील्ड', आणि त्यातला 'सी' म्हणजे क्रिएशन. निर्माता नको असणाऱ्यांनाही तो शब्द टाळता आला नाही, याचं मला त्या दिवसांत फार बरं वाटलं. मे २०२५ मध्ये नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा आईने बाबांच्या कपाटातून 'आकाशाशी जडले नाते' काढलं, पुसलं आणि परत ठेवलं. "यांच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातच नाही ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मग शेवटही नसेल," ती म्हणाली. मी त्यावर काही बोलले नाही. तसं काही त्या सिद्धांतातून माणसाबद्दल निघत नाही, पण तेही मला त्या क्षणी म्हणायचं नव्हतं.

धर्मगुरू देवाला समीकरणाबाहेर ठेवतो आणि नास्तिक देवाच्या भीतीने आरंभ नाकारतो, म्हणजे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून आईच्या प्रश्नाला उत्तर आणणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा मी तिला मराठी-हिंदी घरांतल्या माझ्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका गोष्टीची आठवण करून दिली.

१९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्यात त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त इंग्रजीतून दिलं आहे. १९८८ मध्ये श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावरून दूरदर्शनसाठी 'भारत एक खोज' केली, तेव्हा त्या सूक्ताने मालिका सुरू होऊ लागली. हिंदी शब्द वसंत देवांचे, तेंडुलकरांना हिंदी रंगभूमीवर नेणारे आणि 'उत्सव'ची गाणी लिहिणारे. संगीत वनराज भाटियांचं. मी सात वर्षांची होते. श्रेयनामावलीत नाव आलं की बाबा ठरलेला विनोद करायचे, "बघ, आडनाव देव, आणि म्हणतोय मला ठाऊक नाही." आमच्या टीव्हीला गच्चीवरचा अँटेना होता आणि प्रक्षेपण बंद झालं की पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांमधला अगदी थोडा अंश पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेल्या त्याच प्रारणाचा असतो, हे माझ्या पुस्तकात आहे. विश्वाच्या आरंभाविषयीचं सूक्त आणि त्या आरंभाचा उरलेला उजेड, दोन्ही एकाच डब्यातून आमच्या खोलीत येत होतं आणि आम्ही दुसऱ्याला खराब सिग्नल म्हणत होतो.

एम.ए.ला आमच्या बाईंनी या सूक्ताची शेवटची, सातवी ऋचा आणि तिची अनेक भाषांतरं एकाच पानावर दिली होती. ऋचेचा आशय असा की ही विसृष्टी कुठून झाली, ती कुणी धारण केली की नाही, हे परम आकाशात जो तिचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक आहे, किंवा नाही. जिथे 'कुणी केली की नाही' हा प्रश्न येतो तिथलं क्रियापद 'दधे' आत्मनेपदी आहे. 'त्याने धारण केली' असाही त्याचा अर्थ होतो आणि 'ती आपली आपण धारण झाली' असाही. सायणाचार्यांना त्यात कर्ता दिसला. आधुनिक भाषांतरकारांपैकी अनेकांना दिसला नाही. आणि गंमत अशी की नेमक्या त्याच चरणात अक्षरं कमी आहेत, अकरा हवीत तिथे नऊच. काही अभ्यासकांना ती दोन अक्षरांची पोकळी मुद्दाम ठेवलेली वाटते. वसंत देवांनी मूळ सूक्ताच्या एक पाऊल पुढे जाऊन कुणालाच ठाऊक नाही असा शेवट केला. गाण्याला समेवर यावं लागतं, हे मी समजू शकते. मूळ सूक्त मात्र समेवर येत नाही.

मालिका संपायची ती त्याच मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्ताने. त्यात कवी ऋचेमागून ऋचेत विचारत राहतो की आम्ही कोणत्या देवाला हवि अर्पण करावा. 'कस्मै', म्हणजे कोणाला. नऊ ऋचांपर्यंत प्रश्न आहे. दहाव्यात प्रजापतीचं नाव घेऊन उत्तर येतं, आणि ऋग्वेदाच्या पदपाठात नेमक्या त्या दहाव्या ऋचेची फोड नाही, म्हणून ती मागून आली असावी असं मानतात. पुढच्या काळात याज्ञिकांनी याहून मोठी गोष्ट केली. त्यांनी 'क' हेच प्रजापतीचं नाव ठरवलं. 'कोण' हा प्रश्नच देव झाला आणि त्याला आहुती मिळू लागल्या. मॅक्स म्युलरला ही पंडितांची विसंगती वाटली आणि तो त्यावर हसला. मला पूर्वी हसू यायचं. या वर्षात ते कमी झालं आहे. ज्याला दर पहाटे अग्नी पेटवायचा आहे त्याच्या हातात शेवटी प्रश्नच उरला असेल, तर त्याने आहुती तरी कुणाला द्यावी?

आईला मी यातलं थोडंच सांगितलं. तिने मधेच विचारलं, "म्हणजे वेदांनाही नक्की माहीत नाही?"

"तिथे तरी नाही म्हणतायत."

"आणि तरी यज्ञ करत होते?"

करत होतेच. यज्ञाचा सगळ्यात कट्टर पुरस्कर्ता कुमारिल भट्ट जगाचा निर्माता मानतच नव्हता. सगळं नसताना त्याला शरीर कुठलं, त्याला कुणी पाहिलं, आणि जीवच नव्हते तर त्याने दया तरी कुणावर म्हणून जग केलं, असे प्रश्न त्याने 'श्लोकवार्तिका'त विचारून ठेवले आहेत. श्रद्धेला निर्माता लागतोच, ही समजूत मला इंग्रजी पुस्तकांतून लागली होती. आईच्या देव्हाऱ्याकडे नीट पाहिलं असतं तर ती लागली नसती. तिथे विठोबा आहे. जग त्याने केलं, असं आई कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती म्हणते तो उभा आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, म्हणून त्याने फेकलेल्या विटेवर थांबला आणि थांबूनच राहिला. त्याचे हात कमरेवर आहेत. काही करण्यासाठी ते मोकळेच नाहीत. अशा देवाला सृष्टीच्या आरंभाचा जाब विचारणं म्हणजे स्टेशनवर आपल्याला न्यायला आलेल्या माणसाला रेल्वे कुणी बांधली असं विचारणं. विचारता येईल, पण तो त्यासाठी आलेला नाही.

राहिला माझा शब्द. तो मला मोरो केशव दामल्यांच्या दिशेने सापडला. दामले केशवसुतांचे धाकटे भाऊ, त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. शाळेत आपण भावकर्तृक क्रियापदं शिकतो ती सगळ्यांना आठवत असतील: उजाडलं, सांजावलं, मळमळतं. कोण उजाडलं? इंग्रजीत तिथे नावापुरता का होईना एक 'इट' उभा करावा लागतो. हिंदीत सकाळ 'होते', म्हणजे सकाळीला कर्ता व्हावं लागतं. मराठी नुसतं 'उजाडलं' म्हणून मोकळी होते. वैयाकरणांना मात्र कर्त्यावाचून चैन पडेना, म्हणून त्यांनी क्रियेच्या भावालाच कर्ता मानलं. याज्ञिकांनी 'क'ला देव केलं त्याच जातीचं हे काम. आणि भाव तिथे देव ही म्हण तर आईच्या तोंडी रोजची.

त्याच यादीत मी मनातल्या मनात आणखी एक क्रियापद घातलं. बाबा गेल्यापासून आई दिवसातून एकदा तरी म्हणते, "मला करमत नाही." या वाक्याचं इंग्रजी मला करता येत नाही. कुणाची आठवण काढणारा 'मी' त्यात नाही, हिंदीसारखं न लागणारं 'मन' नाही. कर्ता गेलेल्या घरात कर्ता नसलेलं वाक्य, आणि त्यात काहीही अपुरं नाही.

पुस्तकात मी आता 'क्रिएशन'साठी एकच शब्द ठेवलेला नाही. लेखक वाद घालतो तिथे 'निर्मिती', कारण वाद तिच्याशीच आहे. बाकी ठिकाणी 'उत्पत्ती'. आणि जिथे तो स्वतः थांबतो, आरंभाच्या अगदी कडेला, जिथे समीकरणं चालत नाहीत, तिथलं वाक्य मी 'विश्व झालं' असं ठेवलं आहे. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून 'कसं?' असं लिहून पाठवलं. मी ते चिन्ह तसंच राहू द्यावं अशी विनंती केली आहे, छापील पानावर नाही, पण आमच्या दोघांच्या प्रतीत.

ते पान मी आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला सांगितलं.

"तुझ्या पुस्तकाला ठाऊक नाही तर," ती म्हणाली. आवाजात निराशा नव्हती, राग नव्हता. डॉक्टरांनी आपल्याला नक्की सांगता येणार नाही म्हटल्यावर कधीकधी त्यांच्याविषयी विश्वास वाढतो, तशी काहीतरी.

मग तिने ठरवलं. पिंड ठेवायचा नाही, कारण ते मानत नव्हते आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवशी पान वाढायचं, कारण ती मानते. पानात काय काय असेल याची यादी तिने माझ्याच कागदाच्या पाठीमागे लिहायला घेतली: वरणभात, अळूची भाजी, भरपूर गूळ घातलेली पुरणपोळी, आणि शेवटी, बाबांना डॉक्टरांनी बंद केलेलं कैरीचं लोणचं.